बिनतळाची तक्रारपेटी

वडगाव रासाई, ता. शिरूर
दिवाळी पाडवा, २००६

तीर्थस्वरूप सोजराआत्या यांस,
पूनमचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

आत्या, जे लिहून ठेवायचंच नाही ते माणसाला विचारायचं कशाला? हा प्रश्न मला आप्पांनी शिरूरच्या एसटी स्टँडवर विचारला, आणि मला त्याचं उत्तर आलं नाही. तुम्हाला ठाऊकच आहे की मी आपल्या घरातली पहिली पदवीधर. त्यामुळे पाऊस कधी पडेल इथपासून ते शेजारच्या बाईचे गुडघे का दुखतात इथपर्यंत सगळं मला येत असावं अशी आप्पांची समजूत आहे, आणि मीही ती फारशी मोडत नाही. पण इथं ती मोडली. म्हणून शेवटी तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला उत्तर येईलच असं नाही, पण हा प्रश्न तुमच्यापर्यंत पोचायलाच हवा, आणि तो का, ते पत्र संपेपर्यंत कळेल.

आधी खुशाली. इकडं आम्ही सगळे बरे आहोत. आईची पाठ ऊस खुरपताना धरते आणि लग्नाला जायचं म्हटलं की सुटते. आप्पांची तब्येत चांगली आहे, फक्त ते हल्ली कमी बोलतात आणि शेळ्यांशी जास्त. तिकडची खुशाली आम्हाला दुधाच्या टँकरवाल्याकडून कळते. भीमेच्या अलीकडं आम्ही, पलीकडं तुम्ही, मधे एक पूल, आणि त्या पुलावरून आपल्या दोन घरांच्या बातम्या दुधाबरोबर येतात-जातात. तुमच्या रविराजला मुलगा झाला हे आम्हाला टँकरवाल्यानं सांगितलं, त्याचं नाव सार्थक ठेवलं हेही त्यानंच. आई त्या दिवशी टँकरवाल्यालाच साखर देऊन बसली. तो म्हणाला, मला कशाला, मी नुसता दूध नेतो.

(सविता वहिनी, आपली अजून भेट झालेली नाही. हे पत्र तुम्हीच वाचून दाखवत असणार असं धरून चालले आहे, कारण आत्यांना बारीक अक्षर लागत नाही. मोठंही लागत नाही, पण त्या बारीकच म्हणतात. तर कंसातलं सगळं तुमच्यासाठी. ते मनातल्या मनात वाचलं तरी चालेल.)

आत्या, आपल्यात काय झालं ते मी उगाळत नाही. पण एकदा सरळ लिहिते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. माझी बारावी झाली तेव्हा तुम्ही मला रविराजसाठी मागायला आलात. भावाच्या मुलीवर पहिला हक्क आत्याचा, ही आपल्यातली रीत मला मान्य आहे. आप्पा नुसतं "पोरगी शिकतीय" म्हणून थांबले असते तर तुम्ही रागावला असता, दोन दिवस राहिला असता, आणि पुरणपोळी खाऊन गेला असता. पण आप्पा थांबले नाहीत. रविराज दहावीला कितीदा बसला तेही त्यांनी सगळ्या भावकीदेखत काढलं. तुम्ही चहाचा कप तसाच खाली ठेवलात आणि उठलात. त्यानंतरची ही चौथी दिवाळी. आप्पा भाऊबीजेला भांडगावला येत नाहीत कारण तुम्ही बोलावत नाही, आणि तुम्ही बोलावत नाही कारण भावाला भाऊबीजेला बोलावणं लागतं का, असं तुम्ही म्हणता. (हेही टँकरवाल्याकडूनच कळलं.) भांडण माझ्यावरून झालं, आणि यात माझ्याशी मात्र कुणी काहीच बोललं नाही.

आता माझ्या नोकरीचं. पदवी झाल्यावर मी शिरूरला दूध संघाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर लागले. आमचे चेअरमन पोपटराव तसे मनानं वाईट नाहीत. ते यंदा अभ्यास दौऱ्याला गेले, तिकडच्या एका संघाची वेबसाइट बघून आले, आणि आल्याआल्या मला म्हणाले की आपलीही पाहिजे. त्यात त्यांचा फेटा बांधलेला फोटो हवा होता, हिरव्या गवतात उभी असलेली एक गाय हवी होती, आणि "तक्रार नोंदवा" असं एक पान हवं होतं, कारण ते तिकडच्या वेबसाइटवर होतं. फोटो सोपा होता. गाय मी इंटरनेटवरून घेतली. ती परदेशातली आहे आणि आपल्या एकाही सभासदाकडं तिच्यासारखी गाय नाही, पण सभासदांना ती आवडली. तिला काय चारतात असं दोघातिघांनी मला विचारलं.

तक्रारीच्या पानाचं मात्र पोपटरावांनी दार लोटून सांगितलं. पूर्वी ऑफिसच्या भिंतीवर लाकडी तक्रारपेटी होती. ती वार्षिक सभेत सगळ्यांसमोर उघडायची पद्धत होती, आणि एका वर्षी चिठ्ठ्या वाचता वाचता जेवणाची वेळ टळून गेली, बुंदी उन्हात राहिली आणि अध्यक्षांचं भाषण राहिलं ते राहिलंच. तेव्हापासून पेटी नाही. म्हणून ते मला म्हणाले, "पूनमताई, पेटी पाहिजे. पर तळ नको."

म्हणजे लोकांनी लिहायचं, कॉम्प्युटरनं घेतल्यासारखं करायचं, आणि ठेवायचं काहीच नाही. मी त्यांना म्हणाले की लोकांना फसवणं मला जमणार नाही. ते म्हणाले, फसवायचं कुठं, विचारलं तर खरं सांग. कुणी विचारत नाही.

आत्या, त्या दिवशी मी जेवले नाही. आईला वाटलं ताप आला. मी राजीनामाही लिहिला. तो इतका चांगला उतरला की एवढा चांगला राजीनामा दूध संघाला देणं मला जिवावर आलं. मग मी असा विचार केला की ठेवणं माझ्या हातात नाही, पण तपासणं आहे. कॉलेजात आमचे सर सांगायचे, माहिती दारातच तपासून घ्यावी, अर्धवट असेल तर आत येऊ देऊ नये. आता आमच्या दारामागं खोलीच नव्हती, ही गोष्ट वेगळी. पण दार तर मी चांगलं करू शकत होते. पानावर सगळ्यात वर मी लिहिलं, "येथे भरलेली माहिती साठवली जात नाही." पोपटरावांनी ते वाचलं, मग व्हरांड्यात बसलेल्या लोकांकडं पाहिलं, आणि म्हणाले, राहू दे.

तर मी दार केलं. नाव रिकामं ठेवता येणार नाही, ठेवलं तर लाल अक्षरात सूचना येणार. गाव यादीतूनच निवडायचं. मोबाइल नंबर दहा आकडी. इथं मला पहिला धडा मिळाला. एका सभासदाकडं मोबाइल नव्हता. त्यांनी म्हशीच्या कानातल्या विम्याच्या बिल्ल्याचा आकडा घातला, तो कमी पडला तेव्हा पुढं शून्यं लावली, आणि कॉम्प्युटरनं मुकाट्यानं घेतला. आकडे दहा आहेत एवढंच त्याला कळतं. ते माणसाचे आहेत की म्हशीचे, हे त्याला कळत नाही. मला फार वाईट वाटलं. सभासदांना वाटलं नाही. म्हैस त्यांचीच होती.

दुसरा नियम, तक्रार दोन शब्दांत लिहून चालणार नाही, सविस्तर पाहिजे. तिसरा, भाषा सभ्य पाहिजे. आता सभ्य भाषा कॉम्प्युटरला ओळखता येत नाही. त्याला असभ्य शब्दांची यादी द्यावी लागते, आणि त्यातला एक जरी दिसला तरी तो अडवतो. ती यादी करायची कुणी? मला येत होते ते शब्द दोनच, आणि त्यातला एक आईकडून ऐकलेला. शेवटी आमचे शिपाई रखमाजीमामा, म्हातारे, माळकरी, कपाळाला बुक्का लावून येणारे, ते माझ्या समोर स्टुलावर बसले आणि डोळे मिटून सांगत गेले. मी मान खाली घालून टाइप करत गेले. एवढा साठा त्यांनी कुठं जपून ठेवला होता, कुणास ठाऊक. मधे एकदा ते थांबले तेव्हा मला वाटलं संपलं. ते म्हणाले, "थांब पोरी, आता नदीपल्याडचं सांगतो." (वहिनी, तुमच्या तालुक्याचे जास्त निघाले.)

चूक मात्र माझी झाली. माणसं एकमेकांना जनावरांच्या नावानंही बोलतात, म्हणून पूर्णपणासाठी मी शेवटी बैल, रेडा, म्हैस, गाढव आणि कुत्रं हेही यादीत घातले. आणि पान सुरू केलं. दूध संघाचं. दोन दिवस एकाही सभासदाला तक्रार लिहिता आली नाही. म्हैस म्हटलं की लाल अक्षरात "कृपया सभ्य भाषा वापरा." एक आजोबा बराच वेळ बसून म्हणाले, "बाई, म्हशीला म्हैस न्हाई म्हणायचं तर काय म्हणायचं, वहिनी?" मी जनावरं यादीतून काढली. गाढव मात्र ठेवलं, कारण ते दूध घालायला कुणी आणत नाही.

आता चौथा नियम, ज्याच्यामुळं हे सगळं झालं. आपल्याकडं तक्रार ज्याच्याबद्दल असते त्याला सोडून बाकी सगळ्या गावाला सांगायची पद्धत आहे. पारावर सांगतील, पिठाच्या गिरणीत सांगतील, पाहुण्याला थांबवून सांगतील, आणि तो माणूस समोरून आला की बैलाचा कासरा सारखा करतील. मला हे पटत नाही. म्हणून मी फॉर्मच्या शेवटी एक छोटा चौकोन ठेवला. त्यापुढं लिहिलं, "या तक्रारीबद्दल मी संबंधित व्यक्तीशी स्वतः बोललो / बोलले आहे." चौकोनात खूण केल्याशिवाय बटण दाबता येत नाही. सगळं नीट भरलं आणि खूण केली की पान म्हणतं, "माहिती पूर्ण आहे. धन्यवाद." आणि पुसलेल्या पाटीसारखं कोरं होतं.

खोटी खूण करायला काय लागतं, असं तुम्ही म्हणाल. मलाही तीच भीती होती. पण कॉम्प्युटर ठेवला होता व्हरांड्यात, भोवती कायम पाचदहा माणसं, आणि फॉर्म भरताना प्रत्येक रकाना मी मोठ्यानं वाचायची. "बोललात का?" असं मी विचारलं की भरणाऱ्याआधी मागचेच सांगायचे, कुठं बोललाय, दोन वर्षं तोंड बघत न्हाई. म्हशीचा आकडा मोबाइल म्हणून घालणाऱ्या माणसालाही चारचौघांत त्या चौकोनावर हात ठेवता आला नाही.

सगळ्यात आधी अडकल्या त्या झुंबरबाई. त्यांच्या गावच्या डेअरीवर माप घेणारे धोंडिबा म्हणजे त्यांचे चुलत दीर. दोघांच्या गोठ्याची भिंत एक. बांधावरून काही झालं होतं आणि तेव्हापासून बोलणं बंद. झुंबरबाईंचं म्हणणं, धोंडिबा त्यांची किटली मुद्दाम सगळ्यांच्या मागं ठेवतात, आणि उन्हानं दूध नासतं. त्यांनी सगळं सांगितलं, मी टाइप केलं. नाव झालं, गाव झालं, तक्रार तर इतकी सविस्तर झाली की त्यात सासूसुद्धा आली. मग मी चौकोन वाचला.

"त्याच्याशी बोलत न्हाई म्हणून तर हितं आले," झुंबरबाई म्हणाल्या. "बोलायचंच असतं तर भिंतीवरनं बोलले नसते व्हय? एसटी करून शिरूरला कशाला आले असते?"

मी म्हणाले, मावशी, नियम आहे. त्यांनी कॉम्प्युटरकडं रागानं पाहिलं, मग माझ्याकडं. मग त्या म्हणाल्या, "आन् तू गं? तू बोलतीस का समद्यांशी?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि मला भांडगाव आठवलं. (वहिनी, इथं जरा थांबून मग पुढं वाचा.)

झुंबरबाई गेल्या. पुढच्या आठवड्यात परत आल्या, बरोबर धोंडिबा. दोघं एकाच गाडीनं आले होते, पण वेगवेगळ्या बाकांवर बसून. झालं होतं असं की झुंबरबाईंनी फक्त चौकोनाची अट पुरी करायला म्हणून भिंतीवरून हाक मारली होती, "धोंडिबा, मी तुझ्याशी बोलले बरं का, आता मला तक्रार करायला मोकळीक हाय." धोंडिबांनी विचारलं, कसली तक्रार. त्यांनी सांगितली. धोंडिबा म्हणाले, किटली मागं ठेवत नाही, सावलीला ठेवतो, कारण तुझी किटली जुनी आहे आणि लवकर तापते. मग त्या म्हणाल्या, हे आधी सांगायला काय झालं होतं, आणि ते म्हणाले, तू बोलत होतीस का. त्यावरून दोघांचं पुन्हा कडाक्याचं भांडण झालं, पण या वेळी बोलून. आता दोघं मला सांगायला आले होते की ती तक्रार तेवढी काढून टाक.

आत्या, मला फार लाजल्यासारखं झालं. मी त्यांना पानावरची वरची ओळ वाचून दाखवली आणि सांगितलं की तक्रार कधी घेतलीच नव्हती, आणि घेतली असती तरी राहिली नसती. मला वाटलं आता या मला बोलतील. झुंबरबाईंना उलट हायसं वाटलं. "बरं झालं बया," त्या म्हणाल्या. "ह्यानं वाचलं असतं तर. लई काय काय सांगितलं हुतं मी." धोंडिबा लगेच म्हणाले, काय काय? आणि ते परत बोलायला लागले. स्टँडपर्यंत त्यांचे आवाज ऐकू येत होते.

ही गोष्ट दुधाइतक्याच वेगानं तालुकाभर पसरली. लोक यायचे, फॉर्म भरायचे, चौकोनापाशी अडायचे, शिव्या द्यायचे (सगळ्या यादीतल्या), आणि बोलायला जायचे. निम्मे परत यायचेच नाहीत. सगळ्यात मोठी पंचाईत झाली ती पोपटरावांची. कारण ज्यांची तक्रार खुद्द चेअरमनबद्दल होती, ते व्हरांड्यातून उठून सरळ त्यांच्या खोलीत जायला लागले. "तुमच्याशी बोलल्याबिगर कॉम्प्युटर म्होरं जाऊ देत न्हाई," असं सांगून समोर बसायचे. बिनतळाची पेटी मागितली होती, तर सगळ्या चिठ्ठ्या थेट त्यांच्या मांडीवर पडायला लागल्या. पोपटराव माझ्याकडं आले आणि म्हणाले, तो चौकोन काढ. मी म्हणाले, काढते, पण मग प्रत्येक जण "धन्यवाद"पर्यंत पोचेल, आणि माझ्या तक्रारीचं काय झालं असं वार्षिक सभेत विचारेल. ते चार पावलं गेले आणि परत आले. मग म्हणाले, बुंदीच्या वेळेला? मी म्हणाले, बुंदीच्या वेळेला. चौकोन राहिला. आता ते रोज दुपारी व्हरांड्यातच खुर्ची टाकून बसतात. परवा मला म्हणाले की लोक समोर बसून बोलतात तेव्हा चिठ्ठीपेक्षा मनाला कमी लागतं.

मी या सगळ्यात खूश आहे आत्या, खोटं कशाला सांगू. पदवीचा काहीतरी उपयोग झाला असं वाटतं. पण झुंबरबाईंचा प्रश्न पायातल्या काट्यासारखा राहिला, आणि मग दिवाळीच्या बाजाराला आप्पा शिरूरला आले.

बाजार करून ते माझ्या ऑफिसात येऊन बसले, म्हणजे मग दोघांनी बरोबर घरी जायचं. व्हरांडा तेव्हा रिकामा होता. आप्पांनी कॉम्प्युटरकडं बराच वेळ पाहिलं, परदेशी गाय पाहिली, आणि मग दुसरीकडं बघत म्हणाले, "ह्यात फकस्त दुधाचंच चालतं का, घरचंबी चालतं?"

मी म्हणाले, चालतं.

नाव, म्हस्कू. गाव, वडगाव रासाई. मोबाइल माझा. तक्रार त्यांनी सांगितली, "भन बोलत न्हाई." लाल अक्षरं आली, कृपया तक्रार सविस्तर लिहा. मी वाचून दाखवलं. आप्पांना वाटलं मीच विचारते आहे. मग ते सविस्तर सांगायला लागले. आत्या, आपले आप्पा एका दमात इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. ते काय बोलले ते मी इथं लिहिणार नाही. कॉम्प्युटरनं ठेवलं नाही, तर मी का ठेवावं. एवढंच सांगते की तक्रार तुमच्याबद्दल म्हणून सुरू झाली, आणि जसजशी सविस्तर होत गेली तसतशी ती स्वतःबद्दल होत गेली. (वहिनी, त्यात बैल हा शब्द आला. स्वतःला उद्देशून. बैल मी यादीतून आधीच काढला होता हे किती बरं झालं, नाहीतर आप्पांना लाल अक्षरात सभ्य भाषा शिकवायची वेळ माझ्यावर आली असती.)

मग चौकोन आला. मी वाचला. "संबंधित व्यक्तीशी स्वतः बोललो आहे." आप्पांनी टोपी काढली, झटकली, परत घातली, बाजाराची पिशवी उचलली आणि स्टँडकडं चालायला लागले. मी पान बंद केलं. सगळं पुसलं गेलं. आणि स्टँडवर त्यांनी मला तो वर लिहिलेला प्रश्न विचारला, की जे ठेवायचं नाही ते विचारायचं कशाला.

तर असं आहे. दुसऱ्याच्या चौकोनात खूण करता येत नाही, तसा नियम मीच केला आहे. पण माझ्या स्वतःच्या चौकोनाचं मी काहीतरी करू शकते. म्हणून आत्या, हे पत्र म्हणजे मी तुमच्याशी स्वतः बोलले, असं समजा. माझी तक्रार एवढीच आहे की मला रविराजसाठी नाही म्हटलं म्हणून मी तुमची भाची राहिले नाही, असं तुम्ही ठरवलंत आणि मला विचारलं नाहीत. मी तुमचीच भाची आहे. लहानपणी आप्पा मेंढरांमागं होते तेव्हा शाळेत माझं नाव घालायला तुम्हीच मला हात धरून नेलं होतं, आणि मास्तरांनी जन्मतारीख विचारली तर तुम्ही ठणकावून कुठलीतरी सांगितली होती. तीच आजपर्यंत माझ्या सगळ्या कागदांवर आहे. कुणीही ती तपासली नाही. माझी पदवी तुमच्या त्या तारखेवर उभी आहे.

सगळ्यांना नमस्कार, सार्थकला पापा.

तुमची,
पूनम

ता. क. हे पत्र पोस्टानं आलेलं नाही हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. पत्र पाडव्याला लिहून ठेवलं होतं; आज भाऊबीज आहे, आणि ही ता. क. मी सकाळी, आप्पा दाढी करत असताना लिहिते आहे. भांडगावला संघाचं एक महत्त्वाचं पत्र द्यायचं आहे आणि ते सोजराबाईंच्याच हातात द्यायचं आहे, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी काही विचारलं नाही. मात्र संघाच्या कामाला कुणी नवं धोतर नेसून निघत नाही. त्यांच्या बगलेत एक घोंगडी असेल. ती स्वतःला थंडीला लागते असं ते सांगतील. तुम्ही ती उलगडून बघा. त्यात आप्पांचा एक पायही मावणार नाही, सार्थक मात्र पुरता मावेल. मागच्या महिन्यात मुद्दाम विणून घेतली आहे आणि आईच्या नजरेस पडू नये म्हणून कडब्यात लपवली होती. कडबा रोज आईच काढते.

आणखी एक ता. क. आप्पा आता तुमच्या अंगणात उभे असतील आणि हे सगळं त्यांनी ऐकलं असेल. आप्पा, म्हणून तुमचं मी काहीच लिहिलं नाही. ते तुमचं तुम्ही सांगा. सविस्तर.

(वहिनी, हे अजिबात मोठ्यानं वाचू नका. आप्पा नाही म्हणाले त्याच्या दुसऱ्या दिवशी रविराजनं टँकरवाल्याबरोबर मला पेढे पाठवले होते आणि "सुटलो, उपकार झाले" असा निरोप दिला होता. तेव्हा मला राग आला होता. त्याच्या मनात तेव्हाच तुम्ही होतात हे टँकरवाल्यानं सांगितलं तेव्हापासून नाही.)

शेवटची ता. क. आत्या, मागणं एकच आहे. आप्पा चहा झाला की लगेच उठतील आणि म्हणतील की परतीची गाडी आहे. त्यांना ओवाळल्याशिवाय सोडू नका. घाई करायचं काही कारण नाही. चौफुल्यावरून शिरूरकडं येणारी शेवटची गाडी किती वाजता सुटते हे त्यांनी मला विचारलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी मुद्दाम चुकीची माहिती भरली आहे. त्यांनी ती तपासली नाही. हे पत्र वाचून होईपर्यंत गाडी गेलेली असेल.